दिनूआण्णाचं एकटं बसणं

कोल्हापुरात आमच्या पेठेत कुणाचं लग्न ठरलं की ते मुलाच्या मामाआधी दिनूआण्णाला कळायचं. त्याचं मंडपाचं गोदाम आणि माझा लग्नपत्रिकांचा छापखाना यांच्यात एकच भिंत. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडं जायचं, कारण तारखेला मंडपच मिळाला नाही तर पत्रिका छापून करायचं काय? पण त्याच्या दारातून माझ्या दारात यायला त्या बिचाऱ्याला तास-दीड तास लागायचा. "पावणं, बसा की! कुठल्या गावचं? कोडोली? कोडोलीत कुणाचं?" इथून जे सुरू व्हायचं ते गिऱ्हाइकाच्या आत्याच्या दिरापर्यंत जायचं आणि तिथं आपली काहीतरी सोयरीक निघते हे सिद्ध झाल्यावरच थांबायचं. मी अलीकडं हात चोळत बसलेला. शेवटी भिंतीवर बुक्की मारून ओरडायचो, "आण्णा, सोड की त्येला!" पलीकडून उत्तर यायचं, "च्या पिऊन येतंय!"

आण्णा सगळ्यांनाच पावणं म्हणायचा. पोलिसाला, डॉक्टरला, वीजबिल वाटणाऱ्याला. एकदा गोदामात शिरलेल्या गाढवालाही मी त्याला "पावणं, भायेर व्हा" म्हणताना ऐकलंय. आवाज असा की राधानगरीला बोलायचं असेल तर ह्यांना फोन कशाला लागतो, असं सुलोचनावहिनी म्हणायच्या. आणि एकट्यानं जेवणं हा प्रकार त्याला जन्मात जमला नव्हता. घरात कुणी नसलं तर तो वाढलेलं ताट हातात घेऊन दारात उभा राहायचा आणि रस्त्यानं जो जाईल त्याला आत ओढायचा. त्यामुळं वहिनींनी दोघांचा स्वयंपाक कधी केलाच नाही. कमीत कमी चौघांचा, आणि पाचव्यासाठी कणीक मळलेली.

धंद्यात त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता, तो म्हणजे गाठीचा. लोखंडी पाइपांचे मंडप आले, क्लिपा आल्या, पण आण्णा काथ्यानं बांधायचा ते बांधायचाच. त्याची गाठ कुणाला सुटायची नाही. मंडप उतरवताना त्याची माणसं सरळ कोयता घेऊन गाठी तोडत सुटायची. "लग्न मोडंल, पर गाठ सुटणार न्हाई," असं तो वधूपित्याच्या तोंडावर सांगायचा. वधूपिता कसनुसं हसायचा.

छप्पन्न वर्षांचा होता तेव्हा. पोट सुटलेलं, मिश्या भरघोस, पोरगा पुण्यात नोकरीला लागलेला, गोदामाला लागूनचं घर दुमजली झालेलं. सगळं कसं मार्गी लागलेलं. अशा वेळी माणसं गुडघे दुखायला लागले म्हणून तरी तक्रार करतात. आण्णाचे गुडघेही दुखत नव्हते.

त्या वर्षी वैशाखात कोडोलीला एक लग्न होतं. मंडप आण्णाचा, पत्रिका माझ्या, म्हणून मीही जेवायला गेलो होतो. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि वळवाचं वारं सुटलं. मंडपवाल्याचा दुश्मन एकच, वारा. आण्णा तीस वर्षं त्याच्याशी भांडत आलेला. हातातला घास टाकून तो कोपऱ्याच्या दोराकडं पळाला, कारण तिथली खुंटी उपटून येत होती. त्यानं दोर मनगटाला गुंडाळला आणि पाय रोवून उभा राहिला. नव्वद किलोचा गडी. पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. मंडपाच्या कापडात वारं भरलं, कापड फुगून वर आलं, आणि त्याच्याबरोबर आण्णा वर गेला. चांगला पुरुषभर वर. वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन उभा होता, त्याच्या डोक्यावरून आण्णा तरंगत गेला आणि शेजारच्या उसात उतरला. बांबू मोडले, कापड फाटलं. गाठ मात्र एकही सुटली नाही.

मुलीचे वडील डोक्याला हात लावून बसले. पंगत उचलून शाळेच्या व्हरांड्यात नेली. आम्ही दोघं-तिघं उसात शिरलो तर आण्णा उताणा पडलेला, तोंडावर पाल्याचे ओरखडे, आणि हसत होता.

"परकाश, बघितलंस? उचललं मला! वाऱ्यानं उचललं!"

"हाड मोडलंय का बघ आधी."

"तीस वर्सं मी त्येला बांधून घालत हुतो रं. त्येला कुठं जायाचंय, ह्ये एकदाबी इचारलं न्हाई."

मला वाटलं, डोक्याला मार लागला असावा. महिन्याभरानं तसं वाटेनासं झालं, खात्रीच झाली. आण्णा दुपारचा गोदामात बसून मोबाइलवर शिडाच्या बोटी बघायला लागला. कुणी एकटा म्हातारा दाढी वाढवून महिनोन् महिने समुद्रातून चाललाय, असले व्हिडिओ. मला भिंतीवर बुक्की मारून बोलावून घ्यायचा. "ह्ये बघ. कापड, दोर नि खांब. ह्यो तर आमचाच धंदा हाय की! फकस्त खाली जमीन न्हाई."

पावसाळा संपता संपता त्यानं जाहीर केलं. गोदामातच, वहिनी चहा घेऊन आल्या होत्या तेव्हा. शिडाची बोट घ्यायची, चालवायला शिकायचं, आणि किनाऱ्यानं कोचीपर्यंत, तिथून लक्षद्वीप, आणि जमलं तर आफ्रिका. एकट्यानं.

"एकट्यानं?" मी विचारलं. "तुला एकट्याला घास उतरत न्हाई."

"म्हणूनच," आण्णा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला नसावा. "जलम गेला दुसऱ्याच्या लग्नात. सगळ्यांच्या मांडवात नाचलो, सगळ्यांच्या पाठवणीला रडलो. माझं म्हणून काय केलं सांग? एकदा तरी एक काम असं करायचं हाय, ज्यात मागनं कोण हाका मारणार न्हाई."

मी वहिनींकडं बघितलं. आता कप आपटणार असं मला वाटलं. त्यांनी कप नीट खाली ठेवला. "जावा," त्या म्हणाल्या. "मला समुद्र बघूनच मळमळतंय, मी येणार न्हाई. पर एक सांगते. निम्म्यातनं परत आलासा तर ही पेठ जगू देणार न्हाई तुमास्नी. जायाचं तर नीट शिकून जावा."

झालं. धंदा रमजानभाईंच्या हवाली केला. रमजानभाई पोरवयापासून त्याच्याबरोबर मंडप बांधत आलेले. गोदामाच्या किल्ल्या हातात घेताना ते रडले, ते रडले म्हणून आण्णा रडला, आणि मग दोघांनी मिळून वीस-पंचवीस माणसं जेवायला बोलावली. पेठेचं मत पडलं की आण्णाला चांगला डॉक्टर दाखवावा. तालमीतल्या पोरांचं मत पडलं की आफ्रिकेला आपणही जावं.

फोंडा घाट उतरून देवगडला जायला लागला तो. तिथं खाडीत रेश्मा नावाची मुलगी शिडाच्या बोटी चालवायला शिकवायची. घर मच्छीमारांचं, शिक्षण गोव्यात, शर्यती जिंकलेल्या, आणि वय तिशीच्याही आत. पहिल्या दिवशी धक्क्यावर जाऊन आण्णानं तिलाच विचारलं, "पावणं, हितं कॅप्टन कुठं भेटत्यात?"

"मीच, काका."

"मग तुमी पावणं न्हवं. तुमी कॅप्टनबाई!" हे तिला कायमचं चिकटलं. आता तिचे घरचेही तिला त्याच नावानं चिडवतात.

सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते. जन्मभर स्कूटर चालवलेल्या माणसाला हे पचायला पंधरवडा गेला. घरी येऊन तो वहिनींना समजावून सांगायला लागला, की जिकडं न्यायचं त्याच्या उलटं ढकलायचं असतं. वहिनी म्हणाल्या, "आमी तीस वर्सं नवरा असाच चालवतोय. ह्येला देवगडला कशाला जायाला पायजे?"

खरा घोटाळा गाठीनं केला. शीड ओढून धरणारा जो दोर असतो, तो वारं वाढलं की झटक्यात सोडायचा असतो, नाहीतर बोट आडवी होते. रेश्मानं तो नुसता अडकवायला सांगितलेला. पण आण्णाच्या हाताला नुसतं अडकवणं ठाऊकच नव्हतं. तिची पाठ वळली आणि त्यानं सवयीनं आपली खास गाठ मारून टाकली. खाडीच्या तोंडाशी वाऱ्याचा झपाटा आला, बोट कलली, एका बाजूनं पाणी आत यायला लागलं.

"काका, सोडा! दोर सोडा!"

"सुटत न्हाई वो!" आण्णा ओरडला, आणि रेश्मा मला नंतर शपथेवर सांगत होती, की त्या परिस्थितीतही त्याच्या आवाजात अभिमान होता. "आमची गाठ हाय ती!"

तिनं कमरेचा सुरा काढून दोर कापला. बोट सरळ झाली. दोघं चिंब भिजून बसले. सुरा म्यानात घालत ती म्हणाली, "काका, समुद्रात न सुटणारी गाठ म्हणजे गाठ नव्हे, खोडा." पुढचा अख्खा महिना आण्णा घरी दाराच्या कडीला, पलंगाच्या पायाला, वहिनींच्या शिवणयंत्राला सुटणाऱ्या गाठी मारत बसला. एक टोक ओढलं की सगळं सळसळत मोकळं. गाठ सुटली की त्याचा चेहरा दर वेळी थोडा पडायचा.

हे सगळं तो शिकला. वाऱ्याचं त्याला आधीपासून कळत होतं, पोहणं पंचगंगेत झालेलं, मळमळणंही हळूहळू थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यानं गोव्याच्या एका माणसाकडून जुनी, आटोपशीर बोट घेतली आणि खाडीत आणून ठेवली. रेश्माची काळजी वेगळीच होती. ती मला तिनं एकदा धक्क्यावर सांगितली.

"काकांना एकटं राहता येत नाही हो. शिडाचं फडफडणं ऐकायचं असतं, पाण्याचा आवाज ऐकायचा असतो, हे आपले बोलतच असतात. कुणी नसलं तर बोटीशी बोलतात. आणि एकट्याला करमेनासं झालं ना, की माणूस किनाऱ्याकडं वळतो. बोटी भर समुद्रात कमी फुटतात. किनाऱ्याच्या खडकांवर जास्त फुटतात."

म्हणून तिनं एक दिवस परीक्षा घेतली. त्याची बोट खाडीच्या वळणापलीकडं नांगरून ठेवली, त्याला सकाळी आत बसवलं, संध्याकाळी न्यायला येते म्हणून सांगितलं, आणि कुणाशी बोलायचं नाही अशी अट घातली. संध्याकाळी ती गेली तर आण्णाच्या बोटीला मच्छीमारांच्या चार-पाच होड्या बांधलेल्या, स्टोव्हवर बांगड्याचं कालवण रटरटतंय, आणि मधोमध आण्णा एका होडीच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या मेव्हण्याचं सासर कोल्हापुरात नेमकं कुठं, हे शोधून काढतोय.

"मी कुनाला बोलावलं न्हाई, कॅप्टनबाई," तो म्हणाला. "फकस्त लांबनं इचारलं, पावणं, काय घावलं का?"

रेश्मा हसली नाही. तिनं त्याच्याकडून शब्द घेतला. आठ दिवस बोट नांगरून एकट्यानं राहायचं. फोन नाही, कुणा माणसाशी बोलणं नाही, जाणाऱ्या होडीला हाक नाही. ते जमलं तर ती स्वतः दोर सोडून त्याला समुद्रात धाडेल. नाही जमलं तर त्यानं एकट्यानं जायचं नाव काढायचं नाही. आण्णानं शब्द दिला. त्यानं दिलेला शब्द मोडल्याचं पेठेत कुणाला आठवत नाही, त्यामुळं आता सगळं या आठ दिवसांवर आलं.

त्यानं ठरवलं, आधी घरी सराव करावा. गच्चीवर पत्र्याची खोली होती, तीत चार दिवस मुक्यानं राहायचं. सकाळी तो वर गेला आणि दार लावून बसला. दहा वाजेपर्यंत पेठेत खळबळ. आण्णाचा आवाज येईना म्हणजे काय? कुणी म्हणालं झटका आला, कुणी म्हणालं वहिनींशी वाजलं. वहिनींनी खरं सांगितल्यावर तर जास्तच पंचाईत झाली, कारण एकट्या माणसाला एकटं बसू देणं ही कल्पनाच आमच्याकडं कुणाला झेपत नाही. समोरचे बापूसाहेब चहाची किटली घेऊन वर गेले. "बोलू नगासा. नुसतं प्या." त्यांच्यामागून त्यांचे बंधू गेले. "मीबी बोलणार न्हाई. बाजूला बसतो फकस्त. एकट्याला कसं करमंल?" दुपारपर्यंत गच्ची भरली. सगळे मांडी घालून गप्प, मधे आण्णा गप्प. आण्णाला एकटं बसायला मदत म्हणून एवढी माणसं एकत्र आलेली मी आयुष्यात बघितली नाहीत. शेवटी बापूसाहेबांना शिंक आली, कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग भडंग मागवण्याखेरीज दुसरा मार्गच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याहून बहार. तालमीच्या पोरांनी रातोरात चौकात फ्लेक्स लावला. आण्णाचा गॉगल घातलेला फोटो, खाली पोरांचे फोटो, आणि मजकूर: "आमचे मार्गदर्शक दिनूआण्णा यांच्या एकांतवासास हार्दिक शुभेच्छा! कृपया शांतता राखा." शेजारच्या पेठेतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून शांतता बघायला यायला लागली. संध्याकाळी आण्णा स्वतःच खाली उतरला आणि म्हणाला, "हितं जमायचं न्हाई."

मग राधानगरीकडं धरणाच्या पाण्याकाठी एका ओळखीच्याची खोपी होती, तिथं गेला. आसपास वस्ती नाही, चौफेर झाडी. आम्हाला वाटलं, हे बरं झालं. ठरल्या दिवसाच्या आधीच एका जीपमधून सात-आठ माणसांसह तो पेठेत हजर. वाटेत गुरं राखणारा एक गृहस्थ भेटला, बोलता बोलता त्याची मुलगी लग्नाची निघाली, आण्णाच्या ओळखीत मुलगा होताच. एकटं बसायला गेलेला माणूस सोयरीक जुळवून परत आला. मंडप अर्थातच रमजानभाईंचा, पत्रिका माझ्या.

पेठ पोट धरून हसली. मीही हसलो. पण दोन दिवसांनी गोदामात डोकावलो तर आण्णा गुंडाळलेल्या कनातींवर बसला होता. रमजानभाई बाहेर मंडप बांधायला गेलेले. मी आलेला बघूनही तो "ये" म्हणाला नाही.

"मंडप दिऊन टाकला," तो म्हणाला. "समुद्र घेत न्हाई. आता मी कोण रं, परकाश?"

मी नुसता त्याच्या शेजारी बसलो, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मीही बापूसाहेबच झालोय. म्हणून उठलो आणि वहिनींकडं गेलो.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आण्णाचा फोन काढून कपाटात टाकला, त्याला पहाटेच्या एसटीत बसवलं, आणि मग पेठेतल्या एकेका घरी गेल्या. "आठ दिवस देवगडकडं कोण फिरकायचं न्हाई. लांबनं बघून येतो म्हणायचं न्हाई. डबा दिऊन येतो म्हणायचं न्हाई." तालमीच्या पोरांनी तरी गाडी ठरवलीच होती. वहिनी सकाळी जाऊन त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या आणि दुपारपर्यंत उतरल्या नाहीत. शेवटी पोरांनी त्यांना घरी पोहोचवलं आणि गाडी परत पाठवली.

ते आठ दिवस वहिनींनी कसे काढले हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. चौथ्या दिवशी त्या छापखान्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "एकट्याचा सैपाक किती करायचा असतोय वो, भावजी? मला अंदाजच येत न्हाई."

नवव्या दिवशी रेश्माचा फोन आला. बोटीला एकही होडी बांधलेली नव्हती.

आण्णा परत आला तेव्हा थोडा वाळला होता, दाढी वाढली होती. पेठेनं त्याला घेरलं आणि त्यानं सगळ्यांना हसून हात जोडले, एवढंच. भाषण नाही. रात्री पेठेनं निष्कर्ष काढला की घसा बसलाय. मला त्यानं दोन दिवसांनी सांगितलं, गोदामाच्या पायरीवर बसून.

"पैलं तीन दिवस मी बोलतच हुतो. बोटीसंगं, बगळ्यासंगं, मेलेल्या आईसंगं. मग बोलायचं संपलं. खरंच संपलं रं, सांगायला कायबी उरलं न्हाई. मग अशी भीती वाटली म्हणून सांगू, घाम फुटला. उडी टाकून पोहत धक्क्यावर जाणार हुतो. दोर धरून बसलो. नि मग कळलं. ही भीती नवी न्हवं. ही जलमभर हुती. लोकं म्हणत्यात आण्णा लई बोलका. मी बोलका न्हवं रं, भित्रा हाय. गप बसलो तर ही वर येतीय, म्हणून बोलत हुतो."

"मग?"

"मग काय न्हाई. ती आली, बसली माझ्यासंगं. दोघं बसलो." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "पाचव्या दिवशी पैल्यांदा एकटा जेवलो. भात नि सुकट. परकाश, अन्नाला चव असती रं! मला ठावंच नव्हतं."

मला ते ऐकून हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. एवढ्या वर्षांचा शेजार, आणि हा माणूस घाबरलेला असायचा हे भिंतीपलीकडं मला कधी ऐकू आलं नाही.

बोटीला नाव द्यायचं राहिलं होतं. पेठेनं बैठक घेऊन नावं सुचवली, त्यातली बहुतेक तालमीच्या नावावरून होती. आण्णानं कुणालाही न विचारता रंगाऱ्याकडून लिहून घेतलं: "मंडळी". आमच्याकडं बायकोला मंडळी म्हणतात. वहिनी धक्क्यावर उभ्या राहून ते वाचून म्हणाल्या, "म्हंजे मी व्हय?"

"तू. आनि ही सगळीबी."

"आनि जायाचं एकट्यानं."

"व्हय की," आण्णा म्हणाला. "मंडळी खाली, मी वर."

दिवाळी झाली, हवा मोकळी झाली, आणि रेश्मानं सकाळ ठरवून दिली. या वेळी वहिनींनी कुणाला अडवलं नाही. दोन गाड्या भरून पेठ देवगडला उतरली. तालमीच्या पोरांनी हलग्या आणलेल्या. आण्णा धक्क्यावर एकेकाजवळ गेला, प्रत्येकाचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. रमजानभाईंची गळाभेट घेतली. मला म्हणाला, "येतो, परकाश." वहिनींना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. ते काय हे कुणालाच ऐकू आलं नाही, आणि आण्णाचं बोलणं ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ.

रेश्मानं धक्क्याचा दोर सोडून आत टाकला. शीड वर गेलं. इतका वेळ दम धरून उभी असलेली पोरं मग सुटली. हलग्या कडाडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणी "आण्णाऽऽ!" म्हणून हाळी दिली. बोटीत आण्णानं मान वळवली आणि हात केला. त्याबरोबर दांड्यावरचा हात हलला, शीड सैल पडून फडफडायला लागलं, बोट थबकली. त्यानं सावरून घेतलं. शीड भरलं. पुन्हा चौघांनी हाक मारली, पुन्हा तो वळला, पुन्हा शीड फडफडलं. खाडीच्या तोंडाशी एका बाजूला काळा खडक आहे. वाहतं पाणी बोटीला हळूहळू तिकडं नेत होतं. रेश्मा दातांत ओठ धरून उभी होती. ओरडून उपयोग नव्हता, तिचंही ओरडणं म्हणजे आणखी एक हाक झाली असती.

वहिनी पुढं झाल्या आणि त्यांनी सगळ्यात पुढच्या हलगीवर पालथा हात ठेवला.

"बास करा," त्या म्हणाल्या. "हाक मारू नगासा कोण. त्यो वळतोय."

हलग्या थांबल्या. शिट्ट्या थांबल्या. आमची अख्खी पेठ, जिला लग्नात नि मयतीतही गप्प बसता येत नाही, ती त्या धक्क्यावर ओळीनं उभी राहिली. बापूसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. पोरांनी हलग्या छातीशी आवळून धरल्या, चुकून हात लागू नये म्हणून.

बोटीत आण्णानं मान जराशी तिरकी केली. आमच्याकडं नव्हे, वर शिडाकडं. दांडा किंचित ढकलला. कापडात वारं भरलं, बोट कलली आणि खडक सोडून बाहेरच्या पाण्याला लागली. मला त्याची पाठ दिसत होती. ती लहान होत गेली, आणि एकदाही वळली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत आमच्यातलं कुणी खोकलंसुद्धा नाही.